शिट्टीमागचा अर्थ सर्वांना सांगा : वर्ल्ड रग्बीला खुले पत्र

प्रति,
वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेचे अध्यक्ष, कार्यकारी मंडळ आणि नियमविषयक समितीचे सदस्य,
डब्लिन.

विषय : आंतरराष्ट्रीय सामन्यांत पंचांना दिले जाणारे नियमांचे अर्थ जाहीर करण्याबाबत.

सन्माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

२६ फेब्रुवारी २०१७ रोजी ट्विकनहॅमच्या मैदानावर इटलीविरुद्धच्या सामन्यात इंग्लंडचा फ्लँकर जेम्स हॅस्केल पंच रोमँ पोआत यांच्याकडे गेला आणि रक (जमिनीवरील चेंडूसाठी दोन्ही संघांची उभ्याने होणारी झटापट) व्हावा यासाठी आम्ही नेमके काय करायचे, असे त्याने विचारले. आपण पंच आहोत, प्रशिक्षक नाही, असे पोआत यांनी उत्तर दिले. हा संवाद मायक्रोफोनमधून सगळ्या प्रेक्षकांना ऐकू गेला आणि पुढे बराच काळ हॅस्केलची त्यावरून थट्टा झाली. मला त्यात थट्टेसारखे काही दिसले नाही. अनेक वर्षे आंतरराष्ट्रीय रग्बी खेळलेल्या माणसाला खेळातील एका मूलभूत गोष्टीची व्याख्या भर सामन्यात पंचांना विचारावी लागावी, ही गोष्ट मला तेव्हापासून अस्वस्थ करत आली आहे, आणि त्या अस्वस्थतेतूनच हे पत्र लिहीत आहे.

इटलीने त्या दिवशी जे केले ते नियमाला धरूनच होते. तेव्हाच्या नियमानुसार रक होण्यासाठी दोन्ही संघांचा किमान एकेक खेळाडू पायांवर उभा राहून जमिनीवरील चेंडूवर एकमेकांना भिडलेला असावा लागे, आणि रक झाला नाही तर ऑफसाइडची रेषाही (जिच्या पुढे खेळाडूने जायचे नसते ती) तयार होत नसे. म्हणून इटलीचे खेळाडू टॅकल करत, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून पाडत, पण चेंडूवर कोणीच चालून जात नसे. त्यांचे बाकीचे खेळाडू वळसा घालून इंग्लंडचा स्क्रम-हाफ (चेंडू उचलून पास देणारा खेळाडू) आणि त्याच्या पासची वाट पाहणारे सहकारी यांच्यामध्ये जाऊन उभे राहत. मध्यंतराला इटलीकडे १०-५ अशी आघाडी होती. इंग्लंडने सामना ३६-१५ असा जिंकला, तरी त्यांचे प्रशिक्षक एडी जोन्स यांनी याला रग्बी म्हणायला नकार दिला. इटलीचे प्रशिक्षक कॉनर ओ'शे यांनी आपला बेत सामन्यापूर्वी पंचांना सांगून ठेवला होता, आणि पंचाला ऐन वेळी पेचात न टाकता आधीच विश्वासात घेणे हे मी त्यांच्या प्रामाणिकपणाचेच लक्षण समजतो. त्याच वर्षी आपण नियम बदलला. चेंडूवर एक खेळाडू पायांवर उभा असला तरी ऑफसाइडची रेषा तयार होते, असे ठरले आणि ही युक्ती बंद झाली.

इंग्लंडच्या खेळाडूंनी नियमपुस्तक वाचले नव्हते, एवढे म्हणून हा विषय संपवणे सोपे आहे. व्याख्या छापलेली होती, हे खरेच. परंतु खेळाडू नियम शिकतात ते शिट्टीवरून. कशावर शिट्टी वाजते आणि कशावर वाजत नाही, याची शेकडो सामन्यांतून जी सवय लागते तीच त्यांच्या दृष्टीने नियम असते. टॅकलनंतर रक होतोच, असे त्या सवयीने इंग्लंडला शिकवले होते. छापलेला शब्द आणि शिट्टीची सवय यांत जे अंतर पडले होते, त्यात इटली जाऊन उभा राहिला. हे अंतर आजही रग्बीत जागोजागी आहे, ते कुठे किती आहे हे प्रत्येकाला सारखे ठाऊक नसते, आणि ते ठाऊक करून देणे हे आपले काम आहे, असे माझे म्हणणे आहे.

माझी तक्रार चतुराईविरुद्ध नाही, हे आधीच स्पष्ट करतो. नियमाच्या शब्दावर बोट ठेवून खेळणारे या खेळात पहिल्यापासून आहेत. १९०५ मध्ये न्यूझीलंडचा कर्णधार डेव्ह गॅलहर स्क्रममध्ये (दोन्ही संघांचे खेळाडू एकमेकांना भिडून चेंडूसाठी जोर लावतात त्या रचनेत) न शिरता बाजूला राहून चेंडू आत टाकत असे आणि मग प्रतिस्पर्धी स्क्रम-हाफच्या वाटेत येत असे, म्हणून ब्रिटिश वृत्तपत्रांनी त्याला लबाड ठरवले. त्याच्या देशात मात्र ती खेळाची मान्य पद्धत होती. पुढे १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला स्क्रमच्या पहिल्या फळीत तीन खेळाडू असलेच पाहिजेत असे ठरले आणि न्यूझीलंडची दोन खेळाडूंची पहिली फळी इतिहासजमा झाली. १९६३ मध्ये मरेफील्डवर वेल्सचा कर्णधार क्लाइव्ह रोलंड्सने चेंडू पुन्हा पुन्हा थेट रेषेबाहेर मारला. त्या एका सामन्यात १११ लाइनआउट (रेषेबाहेर गेलेला चेंडू दोन्ही संघांच्या रांगांमध्ये फेकून केलेली सुरुवात) झाले, वेल्सने ६-० असा विजय मिळवला आणि प्रेक्षकांना पाहण्यासारखे जवळजवळ काही उरले नाही. पुढे आपल्या गोलरेषेजवळच्या क्षेत्राबाहेरून थेट रेषेबाहेर मारण्याचा फायदाच नियमाने काढून घेतला आणि त्यातून आजचा मोकळा खेळ उभा राहिला. रोलंड्सने त्या दिवशी नियमातले छिद्र सर्वांसमोर उघडे केले, याबद्दल मी त्याचा ऋणीच आहे.

पंचाची फसवणूक ही याहून वेगळी गोष्ट आहे. १९७८ मध्ये कार्डिफला अगदी शेवटच्या मिनिटांत न्यूझीलंडचा अँडी हेडन कोणी ढकलल्यासारखा लाइनआउटमधून बाहेर कोसळला. न्यूझीलंडला पेनल्टी मिळाली, ब्रायन मॅकेक्नीने ती साधली आणि वेल्सने १२-१३ असा सामना गमावला. पेनल्टी हेडनच्या पडण्यासाठी नव्हे, तर दुसऱ्या खेळाडूला झालेल्या अडथळ्यासाठी दिली, असे पंच रॉजर क्विटनटन यांनी सांगितले. ते मान्य केले तरी हेडनचे पडणे ठरवून केलेले होते. इटलीचा डाव पंचाला माहीत असूनही चालला. हेडनचा डाव पंचाला कळला असता तर चालला नसता. या दोन गोष्टींना इंग्लंडमध्ये, वेल्समध्ये किंवा अन्यत्र एकाच शब्दाने हिणवले जाते, तेव्हा चर्चा सुरू होण्याआधीच भरकटते.

अलीकडच्या काळात दक्षिण आफ्रिकेइतका नियमपुस्तकाचा बारकाईने अभ्यास कोणी केल्याचे दिसत नाही. १५ ऑक्टोबर २०२३ रोजी विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात फ्रान्सविरुद्ध डेमियन विलेमसेने आपल्याच क्षेत्रात चेंडू झेलून मार्क (असा झेल घेतल्यावर मिळणारी फ्री किक) मागितला आणि लाथाडून संकट टाळण्याऐवजी स्क्रम घेतला, कारण आपल्या संघाचा स्क्रम वरचढ आहे याची त्याला खात्री होती. तो सामना त्यांनी २९-२८ असा जिंकला. फ्री किकऐवजी स्क्रम घेण्याची मुभा तेव्हा सर्वांनाच होती. फक्त आपल्या गोलरेषेजवळ तिचा असा उपयोग करण्याचे धाडस सहसा कोणी करत नसे. १ जुलै २०२४ पासून आपण ती मुभाच काढून टाकली. त्याच दिवसापासून ऑफसाइडच्या नियमातली आणखी एक जुनी पळवाट बंद झाली. चेंडू झेलणारा पाच मीटर धावला की समोरचे ऑफसाइड खेळाडू आपोआप ऑनसाइड होत, म्हणून झेलणारा धावतच नसे. पुढचे खेळाडू आहेत तिथे पुतळ्यासारखे थांबत, आणि दोन्ही टोकांचे खेळाडू चेंडू एकमेकांकडे लाथाडत राहत. २०२४च्या फेब्रुवारीत मरेफील्डवर स्कॉटलंड आणि फ्रान्स यांच्या सामन्यात प्रेक्षकांनी यावर उघड नाराजी दाखवली होती. बदल योग्यच होते. पण त्या कलमाचा असा उपयोग होऊ शकतो हे दिसू लागले त्याच वेळी आपण या कलमाचा अर्थ काय समजतो हे सांगितले असते, तर वरातीमागून घोडे नाचवण्याची वेळ आली नसती.

मी स्वतः लहान सामन्यांत पंच म्हणून उभा राहिलो आहे, त्यामुळे पंचाने अर्थ लावूच नये अशी भोळी मागणी माझ्याकडून येणार नाही. रक जवळून पाहिला तर एकाच क्षणी चार-पाच उल्लंघने दिसतात. कोणी बाजूने शिरलेला असतो, कोणी पायांवर नसतो, खाली पडलेला चेंडू सोडत नसतो, टॅकल करणारा बाजूला सरकत नसतो. यांपैकी कशावर शिट्टी वाजवायची हे दीड-दोन सेकंदांत ठरवावे लागते, आणि सगळ्यांवर वाजवायची म्हटले तर खेळ पाच मिनिटेही चालणार नाही. निवड करणे हेच पंचाचे काम आहे. न्यूझीलंडच्या रिची मॅकॉने १४८ कसोटी सामने खेळले आणि दोन विश्वचषक उंचावले. त्याच्या थोरवीत समोरचा पंच आज कुठवर चालू देतो हे ओळखण्याच्या कौशल्याचा वाटा मोठा होता, आणि मला ते कौशल्य कमी प्रतीचे वाटत नाही.

अडचण सुरू होते ती निवडीचे निकष वरून येऊ लागतात तेव्हा. २०२४च्या उत्तरार्धात उंच मारलेल्या चेंडूखाली आपल्या झेलणाऱ्याभोवती संरक्षक कडे करणाऱ्या खेळाडूंना कडक शिक्षा होऊ लागली. अडथळ्याचा नियम पूर्वीही होता आणि त्याचा मजकूर तसाच राहिला. बदलला तो पंचांना दिलेला भर. त्या भराने मात्र खेळाचा तोंडवळाच बदलला. उंच चेंडू झेपावून मिळवण्याची शर्यत वाढली, प्रत्येक संघाला आपल्या विंगरची निवड नव्या नजरेने करावी लागली. नियमपुस्तक हातात धरून बसलेल्या माणसाला या बदलाचा मागमूसही त्यात सापडला नसता.

वेळकाढूपणाचेही तसेच झाले. १५ सप्टेंबर २०२२ रोजी मेलबर्नला ऑस्ट्रेलिया ३७-३४ असा पुढे असताना बर्नार्ड फोलीने पेनल्टी घ्यायला उशीर केला, म्हणून पंच मॅथ्यू रेनाल यांनी ती काढून घेऊन न्यूझीलंडला स्क्रम दिला. जॉर्डी बॅरेटने ट्राय केला, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवला, आणि सामना ३९-३७ असा फिरला. रेनाल यांनी आधी ताकीद दिली होती आणि नियमही त्यांच्या बाजूने होता. तरीही त्या स्तरावर अशी शिक्षा इतकी दुर्मीळ होती की फोलीला ती होईल असे वाटले नाही, आणि वर्षानुवर्षे जे खपवून घेतले गेले त्याचा हिशेब एका माणसाकडून एका मिनिटात वसूल झाला. पुढे २०२३च्या आरंभी आपण पेनल्टीसाठी ६० आणि कन्व्हर्जनसाठी (ट्रायनंतरच्या गोलकिकसाठी) ९० सेकंदांची मर्यादा घड्याळावर लावली, तेव्हापासून त्याबाबत वाद जवळजवळ उरला नाही. आकडा सर्वांसमोर आला की पंचावरचे ओझे किती हलके होते, याचे याहून चांगले उदाहरण माझ्यापाशी नाही.

याच्या उलट टोकाला स्क्रममध्ये चेंडू टाकण्याचा नियम आहे. चेंडू सरळ टाकावा, असे पुस्तक म्हणते. स्क्रम-हाफला थोडी सवलत देऊन खांदा मध्यरेषेशी ठेवण्याची परवानगी आपण दिली, आणि चेंडू टाकणाऱ्या संघाच्या पहिल्या फळीतील कोणीतरी तो पायाने मारलाच पाहिजे असेही लिहिले. प्रत्यक्षात चेंडू सामन्यामागून सामना आपल्याच दुसऱ्या फळीच्या पायांत जातो आणि शिट्टी क्वचितच वाजते. मला हा निव्वळ दुर्लक्षाचा प्रकार वाटत नाही. चेंडू लवकर बाहेर यावा, स्क्रम कोसळू नये, यासाठी कोणीतरी कुठेतरी घेतलेला तो निर्णय असावा आणि त्यामागे सुरक्षिततेचे चांगले कारणही असू शकेल. असेल तर ते लिहून नियम बदला. नसेल तर शिट्टी वाजू द्या. चेंडू पायाने मारून मिळवण्याची हुकरची (पहिल्या फळीतील मधल्या खेळाडूची) विद्या आमच्या डोळ्यांदेखत मरत आहे आणि ती का मरत आहे याचे लेखी उत्तर कुठेही मिळत नाही, याचे मला खरोखर दुःख होते.

अशा न लिहिलेल्या अर्थांचा फायदा कोणाला होतो, याचा आपण विचार करावा. आंतरराष्ट्रीय सामने चालवलेले निवृत्त पंच जाको पेपर २०२४ पासून दक्षिण आफ्रिकेच्या संघाचे नियमविषयक सल्लागार आहेत. त्यांना नेमण्यात काहीही गैर नाही. अभ्यास करणाऱ्याला त्याचे फळ मिळालेच पाहिजे. पण २०२७ मध्ये ऑस्ट्रेलियात होणाऱ्या विश्वचषकात २४ संघ असतील, आणि त्यांतील कित्येक संघांची अव्वल पंचांशी गाठ चार वर्षांत मोजक्याच वेळा पडते. त्यांना असा सल्लागार परवडत नाही, सामन्यांनंतर पंचांच्या प्रमुखांशी बोलण्याचे प्रसंग थोडे येतात, आणि या मोसमात कशावर भर आहे हे त्यांना बहुतेकदा पेनल्टी बसल्यावर कळते. पेनल्टीचे तीन गुण पहिल्या आणि चोविसाव्या संघाला सारखेच असतात, तर शिट्टी कशावर वाजणार ही माहितीही सारखीच मिळायला हवी.

चतुराई रोखण्यासाठी घाईने केलेले नियमही तितकेच जपून पाहावे लागतात. पहिल्या फळीतील खेळाडू जखमी झाल्याचे सोंग आणून स्क्रममधील जोर काढून घ्यायचा, अशी युक्ती काही संघ करत असत. ती बंद व्हावी म्हणून असा नियम झाला की, संघाच्या अडचणीमुळे जोर न लावता स्क्रम करावे लागले तर त्या संघाला आणखी किंमत मोजावी लागेल. २७ फेब्रुवारी २०२२ रोजी डब्लिनमध्ये आयर्लंडविरुद्ध इटलीचा हुकर जानमार्को लुकेसी खरोखरच जखमी होऊन बाहेर गेला. त्याच्या जागी आलेल्या हामे फाइव्हाला धोकादायक टॅकलसाठी लाल कार्ड मिळाले. तिसरा हुकर नव्हता, म्हणून स्क्रम जोराविना ठरले, आणि नियमाप्रमाणे पंच निका अमाशुकेली यांना इटलीचा आणखी एक खेळाडू बाहेर काढावा लागला. पंधराचे तेरा झाले. सुमारे तासभर तेरा जण पंधरांशी खेळले आणि ५७-६ असे हरले. पंचांनी पुस्तकाबाहेर एक पाऊलही टाकले नाही, फाइव्हाचे लाल कार्डही योग्य होते. पण सोंग करणाऱ्यांसाठी केलेला नियम सोंग न करणाऱ्यांवर कोसळला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती हीच. त्या दिवशी हरत असूनही शेवटपर्यंत टॅकल करत राहिलेल्या इटलीच्या खेळाडूंकडे पाहताना माझ्या डोळ्यांत पाणी आले होते, हे मी इथे लपवत नाही. नियम लिहिताना लबाडाबरोबर दुर्दैवी माणसाचाही विचार करणारे कोणी त्या खोलीत बसलेले असावे, एवढीच विनंती आहे.

आता पंचांविषयी. २०१५च्या विश्वचषकात ट्विकनहॅमवर स्कॉटलंड एका गुणाने हरला, तेव्हा क्रेग जूबर्ट यांनी ऑस्ट्रेलियाला दिलेली शेवटची पेनल्टी चुकीची होती, तिथे स्क्रम द्यायला हवा होता, असे आपण दुसऱ्याच दिवशी जाहीर केले. २०२३च्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडच्या अॅरन स्मिथचा ट्राय आधीच्या लाइनआउटमधील नॉक-ऑनसाठी (चेंडू हातून पुढे पडल्याबद्दल) रद्द झाला. नॉक-ऑन झालाच होता, पण टीएमओने (चित्रफीत पाहून सल्ला देणाऱ्या पंचाने) तेव्हा दोन फेजच्या (एका टॅकलपासून पुढच्या टॅकलपर्यंतच्या खेळाच्या) मागे जाणे कार्यपद्धतीत बसत नव्हते. न्यूझीलंडने तो सामना ११-१२ असा गमावला, आणि या मुद्द्यावर आपल्याकडून जूबर्ट यांच्या वेळेसारखे स्पष्ट जाहीर निवेदन आम्हाला वाचायला मिळाले नाही. एकदा चूक चव्हाट्यावर मांडायची आणि एकदा मौन धरायचे, यात पंच दोन्ही वेळा एकटा पडतो. त्या सामन्याचे पंच वेन बार्न्स यांनी निवृत्त होताना आपल्याला आणि कुटुंबाला आलेल्या धमक्यांबद्दल सांगितले. टीएमओ टॉम फोली त्यानंतर आंतरराष्ट्रीय सामन्यांपासून दूर झाले.

२०२१ मध्ये लायन्स या ब्रिटन-आयर्लंडच्या संयुक्त संघाविरुद्धच्या पहिल्या कसोटीनंतर दक्षिण आफ्रिकेचे रग्बी संचालक रॅसी इरास्मस यांनी तासाभराहून मोठी चित्रफीत करून पंच निक बेरी यांचे निर्णय एकेक करून चिरफाडले. आपण इरास्मस यांच्यावर बंदी घातली, ती योग्यच होती. एका माणसाला असे जगासमोर उभे करण्याचे समर्थन कोणत्याही पराभवाने होत नाही. परंतु निर्णयांविषयीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे बंद दाराआड राहिली की बाहेर संशयाला मोकळे रान मिळते, आणि त्याचा पहिला मार पंचाला बसतो, हेही त्या प्रकरणातून दिसले.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत. राष्ट्रीय संघटनांनी विचारलेल्या प्रश्नांवर आपण नियमांचे जे लेखी स्पष्टीकरण प्रसिद्ध करता ती पद्धत उत्तम आहे. पंचांना दिलेल्या प्रत्येक सूचनेला तीच पद्धत लावावी. तारीख, संबंधित कलम आणि दोन-तीन चित्रफितींसह ती पंचांना मिळेल त्याच दिवशी सर्वांना मिळावी. एखाद्या प्रशिक्षकाने नवा डाव सामन्याआधी पंचांना विचारला, तर तो डाव प्रतिस्पर्ध्याला कळवावा असे मी म्हणणार नाही. तसे केले तर कल्पक संघ विचारणेच बंद करतील आणि पंच पुन्हा मैदानावर गोंधळतील. ओ'शे यांचा डाव सामना संपेपर्यंत त्यांचाच राहायला हवा होता. सामना संपल्यावर मात्र पंचांनी काय उत्तर दिले होते ते आठवड्याच्या आत प्रसिद्ध व्हावे, म्हणजे पुढच्या शनिवारी कोणत्याही मैदानावर तोच प्रश्न तेच उत्तर घेऊन उभा राहील. मोठ्या सामन्यांतील वादग्रस्त निर्णयांचे परीक्षणही ठरलेल्या नमुन्यात, प्रत्येक वेळी, योग्य निर्णयांसह प्रसिद्ध व्हावे. पंच बरोबर होता हे सांगायला आपण कधीच घाई करत नाही, याची मला खंत वाटते.

यावर आपले सहकारी म्हणतील की, इतका कागद छापल्याने पळवाटा शोधणाऱ्यांचेच काम सोपे होईल. जुलै २०२५ मध्ये गकेबेर्हाच्या मैदानावर दक्षिण आफ्रिकेने इटलीविरुद्ध सामन्याची पहिली किक ठरवून दहा मीटरच्या आत ठेवली, म्हणजे लगेच स्क्रम होईल आणि तिथे आपला जोर लावता येईल. पुढे त्याच सामन्यात मोकळ्या खेळात खेळाडू उचलून लाइनआउटसारखा मॉलही (चेंडू हातात धरलेल्या खेळाडूभोवती उभ्याने ढकलणारा घोळका) उभा केला. हे शोधायला त्यांना कोणतीही गोपनीय सूचना लागली नाही, सर्वांसाठी छापलेले पुस्तक पुरले. गोपनीयतेने रोखले जातात ते फक्त त्यांच्यासमोर उभे राहणारे.

विश्वचषकाचा पहिला सामना १ ऑक्टोबर २०२७ रोजी आहे. तोपर्यंत सर्व मागण्यांवर निर्णय होणे अवघड असेल, हे मी समजू शकतो. म्हणून निदान एका प्रश्नाचे उत्तर त्याआधी जाहीरपणे मिळावे. त्या दिवशीच्या पहिल्या स्क्रममध्ये चेंडू वाकडा टाकला गेला, तर शिट्टी वाजणार आहे की नाही?

आपला विश्वासू,
लहान सामन्यांत शिट्टी वाजवणारा एक पंच